एक्झिक्यूट : खरेदीखतापासून फाशीपर्यंत एकच क्रियापद (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सोलापुरात मराठी माध्यमातून शिकून लॉला आलेली मुले, दस्त लिहिणारे, पतसंस्थेत वसुलीचे काम बघणारे आणि बँकेने कर्जाचा इंग्रजी कागद पुढे सरकवल्यावर गोंधळणारे कर्जदार, या सगळ्यांना हे एक क्रियापद हमखास अडवते. विचारले गेलेले प्रश्न खाली आहेत. क्रम मुद्दाम लावलेला नाही, पण पहिले दोन वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

या क्रियापदाचा मूळ अर्थ काय?

हाती घेतलेली किंवा ठरलेली गोष्ट शेवटास नेणे. मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा भाव ‘शेवटपर्यंत पाठपुरावा करणे’ असा आहे. ठार मारणे हा अर्थ त्यातूनच फुटला. आधी शिक्षा एक्झिक्यूट होत असे, म्हणजे कोर्टाने दिलेली शिक्षा अमलात येत असे. पुढे शिक्षेच्या जागी माणूसच त्या क्रियापदाचे कर्म झाला. शाळेत आपण हा शेवटचा अर्थ आधी शिकतो आणि मग ‘द डॉक्युमेंट वॉज एक्झिक्यूटेड’ वाचून दचकतो.

मग एखाद्या वाक्यात कोणता अर्थ घ्यायचा हे कसे ओळखू?

क्रियापदाकडे बघू नका, त्याच्या कर्माकडे बघा. डीड, अ‍ॅग्रीमेंट, बाँड, विल, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी असा कागद असेल तर सही करून दस्त पुरा करणे. डिक्री (कोर्टाचा हुकूमनामा) किंवा अवॉर्ड (निवाडा) असेल तर वसुली, ताबा, म्हणजे दरखास्त (तो अमलात आणण्यासाठीचा अर्ज). वॉरंट असेल तर बजावणे. वर्क किंवा प्रोजेक्ट असेल तर काम पार पाडणे; पीडब्ल्यूडीतले कार्यकारी अभियंता याच कुळातले. माणूस असेल तर देहदंड. डिक्शनरीतले सात-आठ अर्थ पाठ करण्यापेक्षा एवढी नजर तयार करा.

‘द सेल डीड वॉज एक्झिक्यूटेड ऑन...’ असे लिहिलेय, म्हणजे त्या तारखेला रजिस्ट्री झाली ना?

नाही. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

स्टॅम्पच्या कायद्यात या शब्दाची व्याख्याच दिलेली आहे: दस्ताच्या संदर्भात ‘एक्झिक्यूटेड’ म्हणजे सही केलेला आणि ‘एक्झिक्यूशन’ म्हणजे सही. नोंदणी ही त्यानंतरची वेगळी पायरी. आपल्याकडच्या सूची क्रमांक दोनचा (इंडेक्स टू, नोंदणी कार्यालयातली दस्ताची नोंद) उतारा काढून बघा. त्यात ‘दस्तऐवज करुन दिल्याचा दिनांक’ आणि ‘दस्त नोंदणी केल्याचा दिनांक’ असे दोन वेगळे रकाने असतात. पहिला रकाना म्हणजे एक्झिक्यूशन, दुसरा रजिस्ट्रेशन. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचे खरेदीखत असो की मोहोळच्या शेताचे, बहुतेक वेळा दोन्ही तारखा एकच निघतात, म्हणून फरक डोळ्यांत भरत नाही.

तारखा वेगळ्या असल्या की मात्र फरक पडतो. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम २३ प्रमाणे दस्त करून दिल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीसाठी दाखल करावा लागतो. अटळ कारणाने उशीर झाला तर आणखी चार महिन्यांपर्यंत सवलत मिळू शकते, पण त्यासाठी नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंड बसू शकतो. ही मुदत मोजायची ती एक्झिक्यूशनच्या तारखेपासून. चार भावांनी चार वेगवेगळ्या दिवशी सह्या केल्या असतील तर प्रत्येकाच्या सहीपासून वेगळी मुदत धरता येते. मुद्रांक शुल्काचे गणितही याच तारखेवर चालते: महाराष्ट्रात दस्तावर मुद्रांक सहीच्या आधी, सही करताना किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी लागलेला हवा.

नोंदणी कायद्याचेच कलम ४७ सांगते, की नोंदलेला दस्त नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, तर नोंदणीची गरजच नसती तर ज्या वेळेपासून तो लागू झाला असता त्या वेळेपासून लागू होतो. म्हणजे भाषांतरात एक्झिक्यूटेडच्या जागी ‘नोंदणीकृत’ लिहिणे ही नुसती शब्दाची चूक नाही, तारखेचा सगळा हिशेब त्याने बिघडतो.

सही ठोकली की एक्झिक्यूशन झाले, इतके सोपे आहे का?

व्याख्येपुरते हो. वाद झाला की नाही. काय लिहिले आहे ते कळून, मान्य असून केलेली सही म्हणजे एक्झिक्यूशन, असे कोर्टे धरतात. कोऱ्या बाँडवर आधी सही घेतली आणि मजकूर नंतर भरला, तर सही खरी असूनही ‘दस्त मी करून दिलेला नाही’ असे म्हणायला जागा राहते. इंग्रजीत याला ‘ही अ‍ॅडमिट्स हिज सिग्नेचर बट डिनाइज एक्झिक्यूशन’ म्हणतात. वाक्य विरोधाभासी वाटते, पण अगदी नेमके आहे.

सोलापुरात याला आणखी एक पदर आहे. इथे घरात तेलुगू किंवा कन्नड, बाजारात मराठी आणि कागद इंग्रजीत, अशी स्थिती घरोघरी आहे. पूर्व भागातल्या एखाद्या पद्मशाली आजीबाईंनी इंग्रजी गहाणखतावर अंगठा उठवला, तर तो मजकूर त्यांना त्यांच्या भाषेत वाचून, समजावून सांगितला होता का, हा प्रश्न पुढे निघू शकतो. म्हणून दस्ताच्या शेवटी ‘वाचून दाखवला, समजला, मान्य आहे’ ही ओळ घालतात. ती नुसती रीत म्हणून लिहू नका, खरेच वाचून दाखवा.

अंगठ्याबद्दल विचाराल तर कायद्यात सहीमध्ये खूणही येते. सही न येणाऱ्या माणसाच्या बाबतीतही ‘एक्झिक्यूटेड’ हाच शब्द वापरायचा.

साक्षीदारही दस्त एक्झिक्यूट करतात का?

नाही. साक्षीदार ‘अटेस्ट’ करतो, म्हणजे साक्षांकन करतो. एक्झिक्यूट करतो तो लिहून देणारा.

बाय, बिटवीन, इन फेवर ऑफ यांतले काय कुठे लावायचे?

लिहून देणाऱ्याच्या आधी ‘बाय’, लिहून घेणाऱ्याच्या आधी ‘इन फेवर ऑफ’. सासऱ्यांनी सुनेला बक्षीसपत्र करून दिले: ‘द गिफ्ट डीड वॉज एक्झिक्यूटेड बाय द फादर-इन-लॉ इन फेवर ऑफ हिज डॉटर-इन-लॉ’. मराठीच्या सवयीने मुले ‘टू द डॉटर-इन-लॉ’ लिहितात, कारण आपण ‘सुनेला’ करून देतो. तसे लिहू नका. करारात दोन्ही बाजू सह्या करत असतील, जसे भाडेकरार किंवा भागीदारीपत्र, तर ‘बिटवीन’ चालते, पण मग ‘अ‍ॅग्रीमेंट बिटवीन’ म्हणा आणि एक्झिक्यूट पुढे तारखेसाठी ठेवा.

दुसरे असे, की या क्रियापदाला कर्म लागतेच. ‘द पार्टीज एक्झिक्यूटेड ऑन मंडे’ हे अर्धवट वाक्य आहे. काय एक्झिक्यूट केले ते लिहा.

मृत्युपत्र कोण एक्झिक्यूट करतो? करणारा की एक्झिक्यूटर?

दोघेही, आणि गंमत म्हणजे वेगवेगळ्या अर्थांनी.

मृत्युपत्र करणारा जिवंतपणी सही करून ते एक्झिक्यूट करतो. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे त्यावर किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन लागते. दोघे एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे नाही. तो माणूस गेल्यावर त्याने नेमलेला एक्झिक्यूटर, म्हणजे व्यवस्थापक, त्यातल्या इच्छा अमलात आणतो, तेही एक्झिक्यूशनच. एकाच कागदाचे दोन एक्झिक्यूशन, मध्ये एक मृत्यू. निकालपत्रात ‘एक्झिक्यूशन ऑफ द विल’ दिसले तर जवळपास नेहमी पहिला अर्थ असतो: सही झाली होती का, साक्षीदार होते का, करणारा शुद्धीवर होता का.

जाता जाता: मृत्युपत्र नोंदवायला वर सांगितलेली चार महिन्यांची अट नाही. ते केव्हाही दाखल करता येते.

डिक्री एक्झिक्यूट करणे म्हणजे नेमके काय? दावा जिंकल्यावर आणखी काय उरते?

बरेच काही. १८७२ सालीच लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजी अमलातले आपले अखेरचे अपील कोर्ट) म्हटले होते, की हिंदुस्थानात पक्षकाराच्या खऱ्या अडचणी सुरू होतात त्या हुकूमनामा हातात पडल्यावर. दीडशे वर्षे झाली, पण कोर्टाच्या आवारात कुणालाही विचारा, हेच ऐकायला मिळेल.

दाव्यात कोर्ट म्हणते, प्रतिवादीने इतके पैसे द्यावेत किंवा जागेचा ताबा द्यावा. हा झाला हुकूमनामा. प्रतिवादी तरीही ढिम्म हलला नाही, तर वादीला परत अर्ज करावा लागतो. आपल्या कोर्टांत त्याला सरळ ‘दरखास्त’ म्हणतात. इंग्रजीत एक्झिक्यूशन पिटिशन किंवा एक्झिक्यूशन अ‍ॅप्लिकेशन. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ ची ऑर्डर २१ (ऑर्डर म्हणजे इथे संहितेतले प्रकरण) सगळी याच विषयावर आहे आणि ती संहितेतली सर्वांत लांब ऑर्डर आहे. यावरूनच काय ते समजा.

मुदत साधारणपणे बारा वर्षांची. एखादे काम करायला लावणाऱ्या, म्हणजे मँडेटरी मनाईहुकमाच्या डिक्रीला तीनच वर्षे. कायमच्या मनाईहुकमाची दरखास्त केव्हाही लावता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले, की दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी आणि त्याहून वेळ लागला तर कारणे नोंदवावीत.

इथे दोन वाक्ये पाठच करा, परीक्षेत आणि नोकरीत दोन्हीकडे लागतात. एक, ‘द एक्झिक्यूटिंग कोर्ट कॅनॉट गो बिहाइंड द डिक्री’: दरखास्त चालवणाऱ्या कोर्टाने हुकूमनामा बरोबर होता की चूक, हे उकरायचे नाही. दोन, ‘स्टे ऑफ एक्झिक्यूशन’: दरखास्तीला स्थगिती. नुसते अपील दाखल केले म्हणजे दरखास्त आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. अपील टाकून निवांत बसलेल्या पक्षकाराच्या दारात बेलिफ आला, की हा फरक त्याला कळतो.

दरखास्तीत घरातले सगळेच उचलून नेतात का?

हा भाषेचा प्रश्न नाही, पण इतक्या वेळा येतो की उत्तर देऊनच टाकतो. संहितेच्या कलम ६० मध्ये काय जप्त करता येत नाही याची यादी आहे: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रीतीनुसार बाईने अंगावरून काढू नयेत असे दागिने, कारागिराची अवजारे, शेतकऱ्याची शेतीची अवजारे. मंगळसूत्र त्यामुळे सुटते. पैशांच्या डिक्रीत बाईला अटक करता येत नाही. पुरुषाला दिवाणी कैदेत टाकायचे तर रक्कम किमान दोन हजारांच्या वर असावी लागते, आणि पाच हजारांहून जास्त असली तरी कैद तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही.

पतसंस्थेचा १०१ चा दाखला मिळाला. तोही एक्झिक्यूटच होतो का?

होतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो आणि वसुली अधिकारी त्याची अंमलबजावणी करतो. इंग्रजी पत्रात ‘एक्झिक्यूशन ऑफ द रिकव्हरी सर्टिफिकेट’ असे लिहायला हरकत नाही. लोकअदालतीतल्या तडजोडीचा निवाडाही कायद्याने दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच मानला जातो, त्यामुळे त्याचीही दरखास्त लागते. ‘लोकअदालतीत मिटले होते, आता तो पैसे देत नाही, परत दावा लावू का?’ असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

‘बजावणे’ला एक्झिक्यूट म्हणू का?

माझ्या मते मराठी माणसाचे इंग्रजी सर्वांत जास्त घसरते ते इथे. आपले ‘बजावणे’ फार ऐसपैस आहे. समन्स बजावतो, वॉरंट बजावतो, कर्तव्य बजावतो, मतदानाचा हक्क बजावतो आणि पोरालाही ‘उशीर करू नको’ म्हणून बजावतो. इंग्रजीत या प्रत्येकाचे क्रियापद वेगळे आहे.

समन्स आणि नोटीस ‘सर्व्ह’ होतात. वॉरंट ‘एक्झिक्यूट’ होते. कर्तव्य ‘परफॉर्म’ किंवा ‘डिस्चार्ज’ करतात. हक्क ‘एक्सरसाइज’ करतात. पोराला ‘वॉर्न’ करतात. ‘आय एक्झिक्यूटेड माय राइट टू व्होट’ असे वाक्य अर्जात लिहिलेले पाहिले आहे; वाचणाऱ्या इंग्रजाला वाटेल, हक्काला फाशी दिली की काय.

समन्स आणि वॉरंटमध्ये फरक का? समन्स हातात पडले की काम संपले, पुढे हजर राहायचे की नाही ते त्या माणसाने ठरवायचे. वॉरंट म्हणजे पोलिसांना दिलेला हुकूम. माणूस धरून आणला तरच तो हुकूम शेवटास गेला. जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे, की अटकेचे वॉरंट कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा ते एक्झिक्यूट होईपर्यंत जिवंत राहते. त्यामुळे ‘दोन वर्षांपूर्वीचे वॉरंट आहे, आता काय होणार’ हा भ्रम. माणूस सापडला नाही तर शेरा पडतो ‘रिटर्न्ड अनएक्झिक्यूटेड’. नोटीस परत आली तर मात्र ‘रिटर्न्ड अनसर्व्हड’.

जामिनाच्या आदेशात ‘ऑन एक्झिक्यूटिंग पी.आर. बाँड’ असते. इथे कोण काय करतो?

आरोपी जातमुचलका लिहून देतो. म्हणजे हाही कागदच, अर्थ पहिल्या गटातला.

असेच वाक्य चॅप्टर केसच्या नोटिशीत भेटते. गणपती किंवा निवडणुका जवळ आल्या, की शांतता राखण्यासाठी बंधपत्र का घेऊ नये अशा नोटिसा निघतात; तिथे एक्झिक्युटिव्ह मॅजिस्ट्रेट समोरच्याला बाँड एक्झिक्यूट करायला लावतो. एकाच ओळीत दोन्ही शब्द येतात म्हणून त्यांचा एकमेकांशी संबंध जोडू नका. एक्झिक्युटिव्ह म्हणजे कार्यकारी, अंमल करणारा. तहसीलदारांकडे ते अधिकार असतात. बाँड एक्झिक्यूट करणारा मात्र तुम्हीच.

सोलापूरच्या चार हुतात्म्यांबद्दल इंग्रजीत लिहायचे तर एक्झिक्यूटेड की हँग्ड?

दोन्ही बरोबर. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. ‘वेअर एक्झिक्यूटेड’ लिहिले की कोर्टाने दिलेला देहदंड अमलात आणला एवढेच कळते, कसा ते नाही. ‘वेअर हँग्ड’ने फाशी हे स्पष्ट होते. माणसाच्या बाबतीत ‘हँग्ड’, भिंतीवरच्या तसबिरीसाठी ‘हंग’. शाळेच्या मासिकांत हुतात्म्यांना ‘हंग’ केलेले वाचले की वाईट वाटते.

आणि शिक्षा अन्यायाची होती असे म्हणायचे असेल, तर एक्झिक्यूटेड एकटे सोडू नका. ते कोरडे, सरकारी क्रियापद आहे, त्यात न्याय-अन्यायाचा निवाडा नसतो. १९३० च्या मे महिन्यातल्या सोलापूरच्या मार्शल लॉचा (लष्करी कायद्याचा) संदर्भ द्या, वाचणाऱ्याला बाकीचे कळेल.

‘एक्झिक्यूटेड काँट्रॅक्ट’ म्हणजे सही झालेला करार ना?

कधी कधी. कराराच्या कायद्याच्या पुस्तकात एक्झिक्यूटेड काँट्रॅक्ट म्हणजे दोन्ही बाजूंनी आपापले काम पुरे केले आहे असा करार. काम अजून व्हायचे असेल तर ‘एक्झिक्यूटरी’. टेक्स्टाइलच्या ऑर्डरवर दोघांनी सह्या केल्या पण चादरींचा एक गठ्ठाही अजून पोहोचलेला नाही: वकिलाच्या पत्रातल्या अर्थाने तो करार एक्झिक्यूटेड आहे, पुस्तकातल्या अर्थाने एक्झिक्यूटरी. स्वतः लिहिताना ‘साइन्ड’ किंवा ‘परफॉर्म्ड’ वापरा आणि ही कटकट टाळा.

उच्चार कसा करायचा?

आपण सगळे ‘एक्झिक्यूट’ म्हणतो आणि कोर्टात कुणी टोकत नाही. इंग्रजी उच्चारात मात्र क्रियापदात ‘क्स’ आहे, ‘एक्सिक्यूट’, जोर पहिल्या अक्षरावर. जोर दुसऱ्या अक्षरावर सरकला की ‘ग्झ’ होतो: ‘इग्झेक्युटिव्ह’, ‘इग्झेक्युटर’. मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाला भलत्या ठिकाणी जोर देऊन हाक मारली तर ऐकणाऱ्याला फाशी देणारा आठवतो, एवढे सांभाळा.

इलेक्ट्रोक्यूट, प्रॉसिक्यूट, पर्सिक्यूट हे याचे भाऊबंद का?

प्रॉसिक्यूट म्हणजे खटला चालवणे, पर्सिक्यूट म्हणजे छळणे. दोन्हींचे मूळ तेच. इलेक्ट्रोक्यूट हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विजेच्या खुर्चीसाठी जोडून तयार केला. आता यंत्रमागावर शॉक लागून गेलेल्या कामगारासाठीही तोच वापरतात. त्याला ‘एक्झिक्यूटेड’ लिहू नका.

मराठीत ‘निष्पादन’ लिहू का?

सरकारी परिभाषेत तो शब्द आहे, भाषांतराच्या परीक्षेत लिहा. पक्षकाराला वाचून दाखवायच्या मजकुरात ‘करून दिला’ लिहा. नोंदणी कार्यालयही तेच लिहिते.

मुलगा अमेरिकेत आहे. त्याने तिथे मुखत्यारपत्र एक्झिक्यूट केले, तर सोलापुरात चालते का?

चालते, पण इथे मुदतीची सुरुवात वेगळी. महाराष्ट्राबाहेर केलेला दस्त राज्यात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. नोंदवायचा असेल तर भारताबाहेर केलेला दस्त भारतात आल्यापासून चार महिन्यांत दाखल करावा. म्हणून पाकीट कोणत्या दिवशी हातात पडले याचा पुरावा, म्हणजे कुरिअरची पावती, दस्तासोबतच ठेवा. मुखत्यारपत्राच्या इंग्रजी मसुद्यात ‘एक्झिक्यूटेड अ‍ॅट’ पुढे गाव येते. मुलगा जिथे बसून सही करणार ते गाव लिहा, घरचा पत्ता सोलापूरचा असला तरी.